धुराचा दावा

या, अशा जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी मांड्या आवरा, म्हणजे सगळ्यांची सोय होईल. आज तुम्हाला एक कथा सांगतो. तिच्यात खरं किती आणि मीठ किती असं मात्र विचारू नका. मासळीच्या गावची कथा आहे, मीठ असणारच. ऐकता ऐकता हसू आलं तर हसा. ज्याची कथा आहे तो माणूसही आता हसतो, फक्त तोंडापुढे हात धरून, कारण तो हेडमास्तर होता.

आमच्या किनाऱ्यावरच्या अमिसाक्रोम गावचे निवृत्त हेडमास्तर कोबिना एसिल्फी हे वादी कसे झाले, त्याची ही हकिकत. गाणाऱ्यांच्या भाषेत वादी म्हणजे रागातला राजा स्वर. कोर्टाच्या भाषेत वादी म्हणजे ज्याच्या चपला झिजतात तो. हे दोन वादी एकच आहेत असं समजून मास्तर घरून निघाले, एवढीच त्यांची चूक.

तर मास्तर आमच्या चर्चमध्ये उपदेश करत. पगारी पाद्री नव्हेत, हौशी उपदेशक. महिन्यातून दोन रविवार त्यांच्या वाट्याला येत, आणि उरलेले रविवार ते दुसऱ्यांचे उपदेश ऐकून मनातल्या मनात मार्क देत. आता आमच्या किनाऱ्यावर उपदेश नुसता ऐकायचा नसतो. उपदेशक रंगात आला, एखादं वाक्य काळजात रुतलं, की बायकांच्या बाकांवरून कुणीतरी उठते आणि त्याच वाक्याचा पदर धरून गाणं उचलते. ते कुठे लिहिलेलं नसतं, कुणी बसवलेलं नसतं. मग सगळी सभा झील धरते. उपदेशक तेवढ्यात घोटभर पाणी पितो, कपाळ पुसतो, पुढचं वाक्य आठवतो, आणि गाणं ओसरलं की जिथे सोडलं होतं त्याच्या दोन पायऱ्या वरूनच सुरू करतो. तुमच्या कीर्तनात बुवांच्या पाठीशी झीलकरी उभे असतात. आमच्याकडे ते समोर बसलेले असतात, एवढाच फरक.

मास्तरांच्या उपदेशात बावीस वर्षं गाणं उचललं ते आराबामायने. आराबामायला अक्षर ओळखता येत नाही. तिचा धंदा तारल्यांना धुरी द्यायचा. अंगणात मातीच्या तीन गोल भट्ट्या, त्यांच्यावर जाळ्यांची चळत, आणि जाळ्यांवर ओळीने शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या तारल्या. चाळीस वर्षं धूर खाऊन तिचा आवाज खरबरीत झाला होता, पण मासा जसा धुरात टिकतो तसा तोही टिकला होता. ती उठली की आधी गुडघ्यांचा कट्‌ असा आवाज यायचा, मग गाणं. तो कट्‌ ऐकला की मास्तर पाण्याच्या पेल्याकडे हात न्यायचे. बावीस वर्षांत हात कधी रिकामा परतला नव्हता.

आणि हीच आराबामाय मास्तरांची शेजारीण. तिच्या भट्ट्या आणि मास्तरांची कपडे वाळत घालायची दोरी यांच्यामध्ये पपईची दोन झाडं आणि समुद्रावरून येणारा वारा. झगडा लावायला एवढं पुरतं.

ऑगस्टमध्ये तारलीचा हंगाम ऐन भरात होता. रात्रंदिवस भट्ट्या चालू. मास्तरांचा उपदेशाचा पांढरा झगा शनिवारी दुपारी दोरीवर चढला, आणि रविवारी सकाळी मास्तर तो घालून निघाले तेव्हा वाटेत एक मांजर त्यांच्या मागे लागलं. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत तीन झाली. त्यातलं एक, पिवळं, धीट, थेट व्यासपीठाच्या पायाशी येऊन बसलं आणि मान वर करून मास्तरांकडे बघू लागलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी श्रद्धा होती म्हणे, की पुढच्या बाकावरच्या वडीलधाऱ्यांना लाज वाटली.

त्यातून त्या दिवशीचा पाठ कोणता, तर प्रभूने पहाटे किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांसाठी मासे भाजले, तो. उपदेश झाल्यावर लोक दारात मास्तरांचे हात हातात घेऊन म्हणाले, "काय प्रसंग उभा केलात मास्तर. आम्हाला तर वाससुद्धा आला."

मास्तरांनी हे मनाला लावून घेतलं. सदतीस वर्षं ज्याने पोरांच्या शाईच्या डागांवर छड्या ओढल्या, त्याच्या झग्याला तारलीचा वास. ते तडक शिंप्याकडे गेले. शिंपी योर्के म्हणजे मास्तरांचा झगा शिवणारा, आणि गल्लीतल्या कुठल्याही गोष्टीत न विचारता सल्ला देणारा.

"तिला सांगून बघितलंत?" योर्केने विचारलं.

"सांगितलं. अकरा वेळा. ती म्हणते, भट्टी माझी आहे, वारा देवाचा आहे. त्याला सांगा."

"देवावर काही दावा लावता येत नाही."

"म्हणून तिच्यावर लावतो."

योर्केने तोंडातली टाचणी काढली. त्याला खरं तर गंमत करायची होती, पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या बोलण्यातून काहीतरी करायला निघालं होतं. तो म्हणाला, "लावा. कायदा म्हणजे कायदा. माझ्या मेहुण्याने लावला होता."

"जिंकला?"

"अजून चालू आहे."

मास्तरांच्या बायकोने, अर्नेस्टिनाबाईंनी, हे ऐकलं तेव्हा त्या केंकीबरोबर, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या उंड्यांबरोबर, खायला मिरची वाटत होत्या. त्यांनी वाटणं थांबवलं नाही. "झगा दुसरीकडे वाळत घातला तर?"

"प्रश्न झग्याचा नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्व दुसरीकडे वाळत घालता येत नाही वाटतं," बाई म्हणाल्या, आणि मिरचीत मीठ टाकलं.

असा मास्तरांनी दावा दाखल केला. कोर्टाच्या कचेरीत एक कागद भरायचा होता, आणि त्यात एक चौकट होती: प्रतिवादीचे पूर्ण नाव. दुसरा कुणी 'आराबामाय, धुरीवाली' असं लिहून मोकळा झाला असता. पण मास्तर पडले हजेरीपटाचे माणूस. त्यांनी चर्चची जुनी बाप्तिस्म्याची वही काढायला लावली, वाळवीने खाल्लेली पानं फुंकर मारून उलटली, आणि नाव शोधून काढलं: हॅना विल्हेल्मिना आर्कू. ते त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं आणि अक्षराकडे दोनदा बघितलं.

समन्स घेऊन बेलीफ निघाला. ओतू त्याचं नाव. धिप्पाड, घामट, स्वभावाने गरीब. गल्लीत शिरल्यावर पहिलं अंगण दिसलं तिथे तो थांबला. अंगणात एक म्हातारी जाळ्या पालटत होती.

"माय, हॅना विल्हेल्मिना आर्कू कुठे राहते?"

आराबामायने कमरेवर हात ठेवून विचार केला. अगदी मनापासून केला. हे नाव पाद्रीने तिच्या डोक्यावर पाणी घालताना एकदा उच्चारलं होतं, आणि तेव्हा ती चार महिन्यांची होती.

"आर्कू आमच्यात पुष्कळ आहेत बाबा, मी पण आर्कूच. पण हॅना… हॅना बंदरापलीकडची असेल." तिने शेजारी हाक मारली. गल्लीच्या दोन्ही टोकांना निरोप गेला. बायका जमल्या, कुणाकुणाच्या मेलेल्या आत्या आठवून झाल्या. हॅना कुणाला सापडली नाही. उन्हातून आलेला सरकारी माणूस रिकामा कसा जाईल, म्हणून आराबामायने त्याला सावलीत बसवून केंकी आणि दोन गरम तारल्या वाढल्या. ओतूने कोर्टात परत जाऊन शेरा लिहिला: 'प्रतिवादी या गावात आढळली नाही. गावकरी सहकार्य करणारे आहेत.'

कचेरीतल्या रजिस्ट्रारबाईंनी मास्तरांना तो शेरा वाचून दाखवला.

"बाई, ती माझ्या घरापासून वीस पावलांवर राहते."

"मग वादीने बेलीफला घेऊन जावं आणि घर दाखवावं. रीतच आहे तशी."

"माझ्याच शेजारणीचं घर, मी, बोटाने दाखवू?"

"बोटानेच दाखवतात," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मास्तरांनी ठरवलं, दाखवायचंच तर इभ्रतीत दाखवायचं. टॅक्सी केली. ओतूला मागे बसवलं, आपण पुढे. उजव्या हातात दाव्याचं बाड, प्रत्येक कागदाच्या चार प्रती, वर चष्म्याचं घर. टॅक्सी थांबली ती मास्तरांच्याच फाटकाशी, कारण दुसरीकडे थांबायला जागा नव्हती. सगळी गल्ली दारात आली. मास्तर उतरले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "हीच ती." आणि उजवा हात गुंतलेला होता, म्हणून डावा हात लांब करून त्यांनी आराबामायकडे बोट दाखवलं.

दारातल्या बायांनी पोरांचे डोळे झाकले.

तुम्हाला वेगळं सांगायला नको. डाव्या हाताने द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हाक मारायची नाही, वाट दाखवायची नाही. आणि वयाने वडील बाईवर डाव्या हाताचं बोट? पोरांना याच गुन्ह्यासाठी मास्तरांनी स्वतः उन्हात उभं केलेलं होतं. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा हात अजून हवेतच होता. तो परत कसा घ्यावा हे त्यांना सुचेना.

आराबामायने जाळी खाली ठेवली. "दावा लावलात, लावा. सरकारचं काम आहे ते. पण मास्तर, डावा?"

मागून कुणीतरी म्हणालं, "हेडमास्तर होते हो हे." होते, यावर जोर होता.

मास्तर बाड छातीशी धरून घरात गेले. ओतू बिचारा मागे उरला. ज्या हातांनी आपल्याला वाढलं त्याच हातांत समन्स द्यायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने कागद दिला, अंगठा घेतला, आणि उपकाराची फेड म्हणून हळूच एक सल्ला दिला. "माय, नीट ऐक. हा कागद मिळाला की वादीसमोर तोंड उघडायचं नाही. तू जे बोलशील ते तो तुझ्यावर उलटवेल. तोंड उघडायचं ते कोर्टात."

"कोर्टातच?"

"कोर्टातच."

आराबामायने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि भिंतीवर कॅलेंडरशेजारी टांगला. वाचता येत नव्हता म्हणून ती त्याचा मान जास्तच ठेवत होती.

पुढच्या रविवारी मास्तरांचा उपदेश होता. विषय मुद्दाम निवडलेला: शेजाऱ्यावर प्रीती करा. आपलं मन किती मोठं आहे हे लोकांना दिसावं असा हेतू. मास्तर चढत गेले, चढत गेले, आणि वाक्याच्या शिखरावर जाऊन नेहमीसारखे थांबले. हात पेल्याकडे गेला.

कट्‌ झालं नाही.

मास्तर पाणी प्यायले. आणखी प्यायले. पेला संपला. आराबामाय तिसऱ्या बाकावर ओठ मिटून बसली होती, नजर समोर, हात मांडीवर, उजवा डाव्यावर. छताचा पंखा फिरत होता. एका बाळाने उचकी दिली, ती सगळ्यांनी ऐकली. मागच्या बाकावरच्या एका तरुण बाईने दया येऊन गाणं उचललं, पण तिने ते इतक्या वरच्या पट्टीत उचललं, की दुसऱ्या ओळीला तिची तीच खाली बसली.

आणि मग मास्तरांच्या लक्षात आलं, की पुढचं वाक्यच आपल्याजवळ नाही. बावीस वर्षं ते गाणं चालू असताना सुचायचं. गाणं नाही, तर वाक्य नाही. ते "आमेन" म्हणाले आणि उतरले. उपदेश एकोणीस मिनिटांत संपला. लोक घरी पोहोचले तेव्हा केंकी शिजलेली नव्हती, आणि त्याबद्दल बायकांनी मास्तरांना वेगळा दोष दिला.

त्यानंतरचा उपदेश सतरा मिनिटांचा झाला. त्याच्या पुढचा मास्तरांनी कागदावर लिहून आणला. तो तर लोकांनी जांभया मोजत ऐकला.

मोठ्या पाद्रीबाबांनी त्यांना बाजूला घेतलं. ऑक्टोबरातला सुगीचा उत्सव तोंडावर आला होता. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, चर्च फुलून जातं, बाहेर मांडव पडतो, आणि बावीस वर्षांच्या सेवेनंतर त्या दिवशीचा उपदेश यंदा पहिल्यांदा मास्तरांच्या नावावर लागला होता. अर्नेस्टिनाबाईंनी झग्याला नवी कॉलर लावून ठेवली होती.

"मास्तर," पाद्रीबाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "शहरातला एक तरुण उपदेशक मोकळा आहे. त्याच्याकडे वाजवायची पेटी आहे, विजेवरची. तो थांबला की पेटी वाजते. म्हणजे तुमची प्रकृती बरी नसली तर."

"माझी प्रकृती उत्तम आहे."

"तर मग प्रश्नच नाही. आपण बघू या." पाद्रीबाबांचं 'बघू या' काय असतं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

मास्तर घरी येऊन जेवले नाहीत. शेवटी अर्नेस्टिनाबाईंनी सूत्रं हाती घेतली. आधी डाव्या हाताचा निकाल लावायला हवा होता. त्यांनी दोन वडीलधाऱ्यांना पुढे घातलं, रीतीप्रमाणे क्षमेची बाटली हवी, पण मास्तर दारूला शिवत नाहीत, म्हणून गोड सरबताच्या सहा बाटल्या घेतल्या. "क्षमा मागताना एवढी स्वस्ताई?" असं वडीलधाऱ्यांपैकी एकाने म्हटलंच. मास्तर दोन्ही हात मागे बांधून, चुकून कुठला पुढे येऊ नये म्हणून, आराबामायच्या अंगणात उभे राहिले आणि चुकलो म्हणाले. आराबामायने मान डोलावली. बाटल्या उजव्या हाताने घेतल्या. सगळ्यांना बसायला दिलं. तारल्या वाढल्या. बोलली मात्र नाही.

"माय, झालं गेलं विसरून जा," वडीलधारे म्हणाले. "बोल त्यांच्याशी."

आराबामायने बोट उचललं, उजवं, आणि भिंतीवरची पिशवी दाखवली.

घरी आल्यावर मास्तर बायकोला म्हणाले, "ती सगळं ऐकते."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं? नुसतीच ऐकते."

सोमवारी मास्तर कोर्टाच्या कचेरीत हजर.

"दावा मागे घ्यायचाय," ते रजिस्ट्रारबाईंना म्हणाले.

बाईंनी एक नवा कागद काढला. "कारण?"

"कारण लिहावंच लागतं?"

"चौकट आहे."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. "प्रतिवादी गात नाही."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "दावा गाण्याचा होता?"

"नाही. धुराचा."

"धूर थांबला?"

"नाही."

"मग मागे का घेताय?"

"तेच सांगतोय. ती गात नाही."

बाईंनी डोळे क्षणभर मिटले. अशा माणसांसाठीच त्या टेबलाच्या खणात आल्याच्या गोळ्या ठेवत. "हे बघा मास्तर. मागे घेण्याची नोटीस प्रतिवादीला बजावावी लागते. बजावणार ओतू. ओतू मावशीच्या मयताला गेलाय, मावशी मोठ्या मानाची होती, मयताचे सोहळे तीन आठवडे चालतील. सुनावणी आहे या गुरुवारी. तुम्ही न्यायाधीशबाईंपुढे उभं राहून एक वाक्य बोला. संपलं."

एक वाक्य. सदतीस वर्षं हेडमास्तर राहिलेल्या माणसाला एक वाक्य बोलायला सांगणं म्हणजे मांजराला तारलीचा नुसता वास घे म्हणणं.

गुरुवारी कोर्ट गच्च भरलं. बंदरावरच्या सगळ्या धुरीवाल्या एकाच छापाचं कापड नेसून आराबामायच्या मागे बसल्या. योर्के शिलाईचं काम मांडीवर घेऊन आला होता. पाद्रीबाबा दाराशी उभे होते, सहज इकडून चाललो होतो असा चेहरा करून. न्यायाधीशबाई उत्तरेकडच्या. त्यांना आमची बोली येत नाही, म्हणून कामकाज इंग्रजीत आणि मध्ये एक दुभाषी. दुभाषी कोर्टात तीस वर्षं मुरलेला, सुकलेल्या मासळीसारखा माणूस.

मास्तर पिंजऱ्यात चढले, शपथ घेतली, आणि समोर बघितलं तर अर्धं कोर्ट त्यांच्या हातचा मार खाल्लेलं. अशांसमोर एकदम माघार? त्यांनी ठरवलं, मागे तर घ्यायचाच आहे, पण आधी आपण बरोबर होतो हे सिद्ध करू, मग घेऊ.

"बाईसाहेब," ते इंग्रजीत म्हणाले, "तो केवळ धूर नव्हता. एका निष्कलंक आयुष्याच्या उतरत्या उन्हावर चालून आलेलं ते एक काळंकुट्ट आभाळ होतं."

दुभाषी प्रतिवादीकडे वळून आमच्या बोलीत म्हणाला, "म्हणतात, धूर आला."

"त्या शुभ्र वस्त्राच्या प्रत्येक धाग्यात माझ्या मातेने शिकवलेली शुचिता विणलेली होती."

"म्हणतात, कपडे खराब झाले."

"आणि तरीही मी अकरा वेळा, एखाद्या संदेष्ट्याच्या धीराने–"

"अकरा वेळा सांगितलं म्हणतात."

मास्तरांच्याने राहवेना. "असं नव्हे हो," ते दुभाष्याला आमच्या बोलीत म्हणाले. "तुम्ही माणसाच्या तोंडचा घास काढून त्याला काटे वाढताय. मी सांगतो." आणि बोली जिभेवर आली तशी तिची चालही आली. आवाज खाली गेला, मग वर. पिंजऱ्याची कड त्यांनी व्यासपीठासारखी धरली.

"शनिवारी माझा झगा दोरीवर असतो. पांढरा असतो. धूर येतो. मी म्हणालो, हा धूर कुणाचा? बंधुभगिनींनो–"

रजिस्ट्रारबाईंनी चमकून वर बघितलं.

"–इस्राएल लोक रानातून चालले होते, तेव्हा त्यांच्यापुढे ढगाचा खांब चालत होता. त्यांच्यातही असेल एखादा मास्तर. तो म्हणाला असेल, माझा झगा काळा होतो, या ढगाला बाजूला करा. ढग कुठला आणि धूर कुठला, खाली उभ्या असलेल्याला कळतं का? मासा पाण्यातून काढला की दोन दिवस टिकतो. धुरातून काढला तर किती टिकतो? सांगा, किती?"

धुरीवाल्या पुटपुटल्या, "महिना, महिना."

"आणि ज्या गळ्याने चाळीस वर्षं धूर गिळला, तो गळा किती टिकेल? मी तो धूर कोर्टात ओढला. मी म्हणालो, बंद करा. मला काय ठाऊक, की मी काय बंद करतोय–"

आणि तिथे ते थांबले. मुद्दाम नाही. बावीस वर्षांची सवय. श्वास संपला, वाक्य संपलं, हात आपोआप पुढे गेला, आणि पिंजऱ्यात पेलाही नव्हता. हात तसाच हवेत राहिला. यावेळी उजवा होता. दाराशी पाद्रीबाबांनी मान खाली घातली.

कट्‌.

आराबामाय उठली होती.

"माझी चूल पेटवली कुणी?" तिने उचललं, खालच्या पट्टीत, भट्टीच्या तळातून यावं तसं. आणि मागच्या सगळ्या बाया, योर्के, चपराशी, दुसऱ्या दाव्यांच्या तारखांना आलेले परके पक्षकार, सगळ्यांनी झील धरली:

"तूच रे धन्या, तूच."

"वारा तिकडे वळवला कुणी?"

"तूच रे धन्या, तूच."

न्यायाधीशबाईंनी हातोडा उचलला, पण गाण्याच्या ठेक्यात तो नेमका कुठे मारावा हे त्यांना कळेना. त्या दुभाष्याकडे वळल्या. "हे काय चाललंय?"

दुभाषी उभा राहिला. त्याचा उजवा पाय ठेका धरत होता, तो त्याने डाव्याने दाबला. "बाईसाहेब, प्रतिवादी विचारते आहे, वारा कुणी वळवला."

"आणि बाकीचे?"

"ते उत्तर देताहेत. तू, म्हणताहेत."

"कोण, मी?"

"नाही बाईसाहेब. देव."

"देव या दाव्यात पक्षकार आहे?"

रजिस्ट्रारबाईंनी प्रामाणिकपणे बाड चाळलं. "नाही, बाईसाहेब."

गाणं आपल्या वेळेने ओसरलं. आराबामाय अजून उभीच होती. न्यायाधीशबाईंनी तिला दुभाष्यामार्फत विचारलं, "आजी, कोर्टात गप्प बसायचं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"उलटंच सांगितलं, बाई," आराबामाय म्हणाली. "तुमच्या माणसाने सांगितलं, तोंड उघडायचं ते कोर्टातच. सात आठवडे मिटून बसले. हा तिकडे चर्चमध्ये उपदेश करायचा, थांबायचा, माझ्याकडे बघायचा, आणि माझे गुडघे आपोआप उठायला बघायचे. मी ते हातांनी दाबून धरायची. हे कोर्टच ना?"

दुभाष्याने हे सगळं भाषांतर केलं. म्हणतात, तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने एक शब्दही गाळला नाही.

न्यायाधीशबाईंनी मास्तरांकडे बघितलं. "वादीची काही हरकत?"

मास्तरांनी बाहीच्या टोकाने डोळे पुसले. "नाही बाईसाहेब. मला पुढचं वाक्य आठवलं."

"कोणतं?"

"दावा मागे घेतो."

कारकुनाने मान वर केली. "बाईसाहेब, कारणाची चौकट आहे."

बाईंनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लिहा. प्रतिवादी गायली." आणि प्रतिवादीला हरकत विचारणं हा नियमच असल्यामुळे त्यांनी तीही विचारली.

"एक आहे," आराबामाय म्हणाली. "माझे गुडघे गेलेत. त्याला थोडक्यात बोलायला सांगा."

"ते या कोर्टाच्या हाताबाहेरचं आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

सुगीच्या रविवारी उपदेश मास्तरांनीच केला. एक तास दहा मिनिटं. आराबामाय चार वेळा उठली, आणि चौथ्या वेळी उठताना तिने मास्तरांकडे असं बघितलं, की त्यांनी शेवटचे दोन मुद्दे गिळले. झग्याला तारलीचा वास होता. पिवळं मांजर आलं आणि व्यासपीठाच्या पायाशी बसलं, आणि मास्तरांनी त्याला हाकललं नाही. ऐकायला आलेल्याला हाकलू नये, एवढं त्या सात आठवड्यांत ते शिकले होते.

आता उठा, उशीर झाला. पण जाताना एवढं करा. उद्या कुठे कीर्तनाला, प्रवचनाला बसाल. बुवा चढत चढत वाक्याच्या टोकाला जातील, तिथे त्यांचा श्वास संपेल, आणि कुणीतरी कोपऱ्यातून, दुखऱ्या गुडघ्यांनी, न सांगता झील उचलेल. त्या घटकेला आमच्या आराबामायची आठवण काढा. पण आराबामाय म्हणूनच काढा. कागदावरच्या नावाने काढू नका. त्या नावाला ती अजून ओ देत नाही.